दहा गिअरांपैकी एक

विश्वेश्वर मिस्त्रीने वेल्डिंगची नळी पेटवली, नरहरपंतांकडे एकदा पाहिलं आणि ती पुन्हा विझवली.

"बाबूजी, सोच लीजिए. एक बार टांका लग गया तो फिर खुलेगा नहीं."

नरहरपंतांचा विचार आठवडाभर चालला होता आणि आता संपला होता. बनारसमधल्या मैदागिनच्या त्या दुकानात सायकलचं मागचं चाक आडवं पडलं होतं. पाच चकत्यांचं फ्रीव्हील निघालं होतं, गिअर बदलणारे खटके आणि तारा एका डब्यात जमा झाल्या होत्या. चाकाच्या मधल्या हबवर आता एकच दातेरी चकती होती. ती नुसती आट्यांवर बसवली तर उलटा जोर येताच सैल झाली असती, म्हणून ती कायमची जोडून टाकायची. मग चाक फिरलं की पायडल फिरणार आणि पायडल फिरलं की चाक. एकाला थांबवून दुसऱ्याला पुढे जायची सोय नाही.

"लगा दो," नरहरपंत म्हणाले.

बत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात लोखंडाशी झुंजलेला माणूस, पण निळी ज्योत त्या हबला टेकली तेव्हा त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

सायकल त्यांची नव्हतीच मुळी, त्यांच्या बायकोची, शरदिनीबाईंची होती. संस्कृत शिकायला आलेली एक जर्मन मुलगी राजा घाटामागच्या त्यांच्या गल्लीत वर्षभर राहिली होती. एकाहत्तर साली परत जाताना तिने आपली दहा गिअरची, तिरक्या दांड्याची लेडीज सायकल शरदिनीबाईंना देऊन टाकली, कारण वर्षभर तिने त्यांच्याच हातचा वरणभात खाल्ला होता. बनारस पडलं तळहातासारखं सपाट, आणि गल्लीत सांड आडवा बसला की एक गिअरसुद्धा जास्तच. पण ऐकतील त्या शरदिनीबाई कसल्या! मुलींच्या शाळेत गणित शिकवायला त्या लुगडं सावरून याच सायकलवर जायच्या, आणि गिअर बदलल्याशिवाय एक चौक ओलांडायच्या नाहीत. गल्लीतल्या मराठी बायकांनी आधी नावं ठेवली आणि मग दळणाचे डबे त्यांच्याच कॅरियरवर पाठवले.

रविवारी दोघं सारनाथला जायची. नरहरपंत आपल्या काळ्या अवजड सायकलवर घाम गाळत मागे, बाई पुढे. पुलापाशी थोडा उतार लागला की त्या पाय मारायचं सोडून द्यायच्या. पाय स्थिर, पदर खोचलेला, चाक टिकटिक करत पळतंय आणि त्या मान वळवून म्हणतायत, "या हळूहळू, घाई नाही." नरहरपंतांना तेव्हा राग यायचा. आता तो रस्ता, ती आंब्याची झाडं आणि ते चिडवणं नुसतं आठवलं तरी त्यांना गलबलून यायचं.

आठ महिन्यांपूर्वी शरदिनीबाईंना अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, हात बराचसा परतला, उजवा पाय मात्र हटून बसला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पाय रोज हलला तर आशा आहे, नाहीतर वर्षभरात आखडेल आणि मग ब्रह्मदेवही उभं करणार नाही. व्यायाम करवून घ्यायला एक माणूस येऊ लागला. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याला चहा पाजून कायमचा रस्ता दाखवला. माझा पाय म्हणजे काय कपडे वाळत घालायची काठी आहे, कुणीही यावं आणि उचलावी, असं त्यांचं म्हणणं. मुलगी अंतरा बँकेत जायच्या आधी रोज विनवायची, "आई, थोडी कोशिश तर कर." नरहरपंतांनी नुसता हात लावला तरी बाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

तेव्हा त्यांना ही सायकल सुचली. चाक अधांतरी ठेवायचं, सगळं एकमेकांना जोडून टाकायचं. डावा पाय पायडल मारेल, उजवा आपसूक फिरेल, दुसऱ्या कुणी हात लावायचं कारण नाही. गणिताच्या बाईंना ही मांडणी पटली. फक्त त्यांनी विचारलं, गिअरांचं काय? नरहरपंतांनी खाली मान घालून सांगितलं की काढावे लागतील.

काशीला येऊन एखादी आवडीची वस्तू सोडायची रीत, आणि पुण्याचे पाहुणे नेमाने पडवळ नाहीतर शेपू सोडून मोकळे होतात, यावर बाई जन्मभर हसत आल्या होत्या.

"इथंच जन्म गेला, पण सोडायचं काही राहूनच गेलं होतं," त्या म्हणाल्या. "नऊ गिअर सोडले. एक ठेवा."

घरच्या चौकात नरहरपंतांनी लाकडी चौकट ठोकली. सीटच्या जागी हातांची खुर्ची बसवली, कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना टेकायला पायऱ्या. अंतराने आईला धरून वर बसवलं आणि उजवा पाय चामड्याच्या पट्ट्याने पायडलला बांधला. चेन नीट चालते का ते बघायला म्हणून नरहरपंत उजव्या बाजूला मागच्या चाकापाशी पाट घेऊन बसले.

बाईंनी डाव्या पायाने जोर केला. पायडल अर्ध्या फेऱ्यापर्यंत गेलं आणि उजव्या पायाच्या ओझ्याने तिथंच अडकलं. आठ महिने अंथरुणावर काढलेल्या बाईच्या डाव्या पायात तरी कुठली ताकद उरणार? त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. त्यांचे खांदे पडले ते नरहरपंतांना मागूनही दिसले. आता ही खाली उतरणार आणि परत कधी चढणार नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी गुपचूप टायरवर तळहात ठेवला आणि चाक पुढे ढकललं.

पायडल फिरलं. उजवा पाय वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला.

"फिरलं की हो," शरदिनीबाई म्हणाल्या.

"तूच फिरवलंस," नरहरपंत म्हणाले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि बायकोशी इतकं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलत होते.

मग रोज सकाळी अर्धा तास हा उद्योग. त्यांचा खांदा भरून यायचा, तळहात काळा व्हायचा. तो साबणाने घासून मगच ते तिच्यासमोर जायचे. बाई काही बोलायच्या नाहीत. अंतराला मात्र आईच्या तोंडावर तरतरी दिसू लागली होती.

तेराव्या दिवशी चाक अडायला लागलं. प्रत्येक फेऱ्याला एकाच ठिकाणी जड. नरहरपंतांमधला फोरमन जागा झाला. चेन फार ताणली असेल म्हणून त्यांनी ती सैल केली. दुपारी बाई निजल्यावर तेल घातलं, चाक काढून बेअरिंगच्या गोळ्या धुतल्या, पुढची दातेरी चकती वाकडी आहे का ते दोरा धरून तपासलं. रिकामं चाक लोण्यासारखं फिरत होतं. दुसऱ्या दिवशी बाई बसल्या की पुन्हा तीच अडचण, कालच्यापेक्षा जास्त.

तिसऱ्या दिवशी ते इरेला पेटले. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तर चाकाने उलटा जोर लावला. मिस्त्रीने टाका मारताना काहीतरी घोटाळा केलाय, असं पुटपुटत ते उठले आणि डाव्या पायडलची खीळ बघायला वळसा घालून पलीकडे गेले.

डावं पायडल रिकामं होतं. शरदिनीबाईंचा डावा पाय पायरीवर आरामात टेकलेला होता. पट्ट्याने बांधलेला उजवा पाय एकटाच पायडल दाबून धरत होता आणि त्याची पोटरी थरथरत होती.

नरहरपंत पायडलपाशी उकिडवे बसले.

"चेनला काही झालेलं नाही," शरदिनीबाई म्हणाल्या. "मी धरून ठेवलंय."

त्यांचा हात टायरवर असतो हे बाईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते दम खायला थांबले की सायकलही दम खाते, हे काय लपणार होतं? सत्तावीस वर्षं शाळेत त्यांनी मुलींच्या कॉप्या पकडल्या होत्या. आधी संताप आला, मग त्या संतापात परवा उजवा पाय आडवा घातला गेला, आणि चाक क्षणभर थांबलं. तेव्हापासून त्या हेच करत होत्या.

"मग बोलली का नाहीस?" नरहरपंतांनी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही हात काढून घेतला असता. मग मी अडवायचं कुणाला?"

नरहरपंतांनी हाताने डोळे पुसले आणि गालभर काळं केलं. ते वळसा घालून परत गेले, पाटावर बसले आणि त्यांनी दोन्ही तळहात टायरवर ठेवले.

"जरा दमदार लावा आज," खुर्चीवरून हुकूम आला.

त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. चाक अर्धा फेरा गेलं आणि थांबलं.