न रंगलेल्या कांड्या

धाकटीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काचपट्टीवर कांड्याच कांड्या होत्या. औषधाने विरघळल्या म्हणून वर्षभर जगाला सांगितलं, त्याच.

मेंदूच्या पेशींना बारीक काटे असतात आणि त्यांच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची परांची. नवं काही शिकलं की ती सैल होते, हलते, नव्याने घट्ट बसते. आठवण टिकते ती अशी. धागे कापून परांची सैल करायचं काम कोफिलिन या प्रथिनाचं. ते बिघडलं की धाग्यांनाच चिकटून बसतं, कांड्या होतात, काटे गळतात. ताईच्या डोक्यात हेच चाललंय, असं धाकटीचं ठाम मत होतं. सख्खी मोठी बहीण डोळ्यांदेखत विसरत चाललेली, म्हणून ती हात धुऊन या कांड्यांच्या मागे लागली होती.

औषध घातलेल्या पेशी रंगवायच्या ऐन वेळी कोफिलिन दाखवणारी अँटिबॉडी संपली. "अ‍ॅक्टिनचा साधा रंग वापरा," धाकटी म्हणाली. हा रंग मोकळ्या धाग्यालाच लागतो, कोफिलिन चिकटलेल्याला लागत नाही. हे धाकटीबाई स्वतः दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून शिकवतात! पण कांड्या दिसल्या नाहीत आणि बाई हरखल्या. आशेपायी भल्याभल्यांची अक्कल चरायला जाते, हिची तर बहीण होती. आज नवी अँटिबॉडी लावली आणि सगळं उघडं पडलं.

त्या आनंदाच्या भरात तिने ताईला दूरदेशी लेकीकडे जाऊ दिलं नव्हतं. "वर्षभर इथेच राहा, औषध येतंय," असं छातीठोक सांगितलं होतं. तेव्हा ताईला पुष्कळ आठवत होतं.

आता कोणत्या तोंडाने सांगायचं? पण लपवणंही तिच्याने होईना. ती तडक ताईकडे गेली. ताई आणि भाऊजी मटार सोलत बसले होते.

"ताई, माझं चुकलं गं. त्या औषधाचा काही उपयोग नाही. कधीच नव्हता."

ताईने शेंग खाली ठेवली. "म्हणजे मी बरी होणार नाही?"

"नाही."

"गधडे, वर्ष घालवलंस माझं."

तिने एक ठेवून दिली असती तर धाकटीला बरं वाटलं असतं, पण ताई भाऊजींकडे वळली. "अहो, तिकीट काढा. लेकीकडे जाते मी. शुद्धीत आहे तोवर तिच्या बाळाला एकदा मांडीवर घेऊ दे."

भाऊजींचा हात थांबला. "अगं, गेल्या महिन्यात आली होती ना ती, बाळाला घेऊन. पंधरा दिवस राहिली. बाळ तुझ्याच कुशीत झोपायचं."

ताई धाकटीकडे बघून कळवळून म्हणाली, "मग मला कुणी उठवलं कसं नाही?"