साक्षीची खुर्ची

मित्रांनो, डावा हात मोडलेली, एक पाय बोटभर आखूड आणि पाठीवर शाईचा डाग असलेली एखादी खुर्ची तुमच्याही शाळेत असेलच. तशीच मी. माणूस तोंडाने काहीही बोलो, बसल्या जागी तो खरं काय ते सांगून टाकतो. आम्हाला ते कळतं. सांगता तेवढं येत नाही.

मला घडवलं एका अबोल सुताराने. त्याने मला तीनदा घासलं, मग स्वतः बसून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "ही माझ्यामागेही टिकेल बघ." तेवढंच काय ते माझं कौतुक. शाळेत आले ती थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. शिपाईकाका मला रोज पुसायचे आणि मुलांना दटावायचे, "तिच्यावर बसायचं नाही, ती साहेबांची आहे." मी तेव्हा जरा मिजाशीतच होते म्हणा ना. पुढे तपासणीला आलेले एक जाडजूड अधिकारी हसता हसता माझ्या डाव्या हातावर कलले आणि तो मोडला. त्यांना कुणी काही म्हणालं नाही. "खुर्चीच तकलादू," असं ठरलं, आणि माझी रवानगी आठवीच्या वर्गात, फाटक्या नकाशांशेजारी झाली. तोंड भिंतीकडे.

सहा वर्षं मी भिंत पाहिली. वर्ग फक्त ऐकला.

यंदा भाषेच्या बाईंनी एक कादंबरी वाचायला घेतली. नदीपलीकडून आलेला एक घड्याळजी गावाबाहेर तंबू ठोकून राहतो. एके रात्री गावाचं धान्याचं कोठार जळतं. आग लावताना कुणी पाहिलेलं नसतं, पण सारा गाव त्याच्याकडेच बोट दाखवतो. का, तर पलीकडची माणसं तसलीच. शेवटचं प्रकरण बाईंनी रबर लावून बंद केलं. "निकाल पुस्तकात बघायचा नाही. आपण वर्गात खटला चालवू आणि तुम्हीच निकाल द्या," त्या म्हणाल्या. त्यासाठी साक्षीदाराचा पिंजरा हवा होता, म्हणून मला कोपऱ्यातून ओढून काढलं.

कुणी कोण व्हायचं, ते वर्गाने ओरडून ठरवलं. मॉनिटर मुलगी सरकारी वकील झाली. बचावाची वकिली, कुणालाच नको होती म्हणून, सावकाश बोलते म्हणून वर्ग जिला गोगलगाय म्हणे, त्या मुलीच्या गळ्यात पडली. मग बाईंनी विचारलं, "आणि आरोपी?"

"चुंबक! बाई, चुंबकला करा. तिला सोंग आणावं लागणार नाही."

वर्ग फिदीफिदी हसला. बाई फळ्यावर लिहीत होत्या. मागे न बघताच त्यांनी तेही लिहून टाकलं.

चुंबक म्हणजे भंगारवाल्याची मुलगी. तिचे वडील दोरीला बांधलेलं चुंबक फिरवून लोखंड वेगळं करतात, आणि तसंच एक लहानसं तिच्याही खिशात असे. सुरुवातीला ते नाव लाडाचं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी वर्गाचं पितळी दांड्याचं भिंग नाहीसं झालं, आणि त्या नावाला काटे फुटले. "चुंबक आली, पेनं सांभाळा." भिंग कुणी नेलं, ते मला विचाराल तर मलाही ठाऊक नाही. मी भिंतीकडे तोंड करून होते. खोटं कशाला सांगू?

खटल्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच वर्गात थांबली आणि माझ्या आखूड पायाखाली जुन्या टायरचा तुकडा ठोकत बसली. शिपाईकाका कुलूप घेऊन आले.

"अगं, घरी जा की. ही कसली हौस?"

"डुगडुगली तर सगळे हसतील, काका." एक खिळा ठोकून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "उद्याचं झालं की मी शाळेत यायची नाही. बाबांना अजून सांगितलं नाहीये."

काका खाली बसले. त्यांनी माझा पाय घट्ट धरून ठेवला, खिळा वाकडा जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर बसली, ती अगदी कडेवर. दोन्ही हातांनी तिने मला खालून धरलं होतं.

"आग लागली तेव्हा तू कुठे होतास?" मॉनिटरने विचारलं.

"तंबूत. घड्याळ उघडून बसलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"म्हणजे नव्हतासच." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग चुंबक उठून बाकावर गेली आणि कादंबरीतल्या गावाची गिरणीवाली झालेली मुलगी साक्षीला बसली. गोगलगायीने कागद चाळत तिला विचारलं, "आग... यानेच लावली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"पाहिलं नाही. पण माहीत आहे."

"कसं?"

"कसं म्हणजे? सगळ्यांनाच माहीत आहे."

बाईंनी नऊ पंच नेमले होते. निकाल आणि त्यामागचा पुरावा, दोन्ही चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव घालायचं नाही. चुंबकला निकाल ऐकायला पुन्हा माझ्यावर बसवलं. बाई एकेक चिठ्ठी उलगडू लागल्या.

"दोषी. तो पलीकडचा आहे." "दोषी. तो नजर चुकवून बोलतो." "निर्दोष. कुणी पाहिलं नाही." बाईंनी चौथी उघडली. "दोषी. भिंगाच्या वेळी पण हिनेच..."

बाई वाचता वाचता थांबल्या.

"बाई," गोगलगाय म्हणाली, "घड्याळजीचा आणि भिंगाचा... काय संबंध?"

कुणी हसलं नाही. चुंबकने हात खिशात घातला, मूठ पुन्हा माझ्याखाली नेली, आणि टक् असा आवाज झाला. तिचं चुंबक माझ्या बैठकीखालच्या खिळ्याला चिकटलं होतं. ते तिथेच सोडून ती उठली, दप्तर खांद्याला लावलं आणि दाराकडे निघाली. मला एकच कळत होतं, ही आता गेली की गेली.

"थांब," बाई म्हणाल्या. "एक साक्षीदार राहिलाय."

आणि मित्रांनो, बाई स्वतः येऊन माझ्यावर बसल्या. "सरकारी वकील, विचारा मला."

मॉनिटर बोटांशी चाळा करत खाली बघत राहिली. तेव्हा दारातून आवाज आला, "मी विचारते."

चुंबक दप्तरासकट समोर येऊन उभी राहिली. "भिंग हरवलं त्या दिवशी तुम्ही किती दप्तरं उघडलीत?"

"एक."

"कुणाचं?"

"तुझं. मधल्या सुट्टीत, तू बाहेर असताना."

"माझंच का?"

"कारण मलाही तेच वाटलं होतं, जे सगळ्यांना वाटलं."

"काय सापडलं?"

"डबा. दोन वह्या. तारेने जोडलेली कंपासपेटी. भिंग नव्हतं."

चुंबक एक पाऊल पुढे आली. "मग हे वर्गाला सांगितलंत?"

"नाही." बाईंनी मान खाली घातली नाही. "दप्तर उघडलं हे सांगायची लाज वाटली, म्हणून सापडलं नाही हेही सांगितलं नाही. दोन महिने. चूक माझी आहे, बाळ."

घंटा झाली, तरी कुणी उठलं नाही. बाईंनी उरलेल्या चिठ्ठ्या न उघडता बाजूला ठेवल्या आणि पंचांना कोरे कागद दिले. "पुन्हा लिहा. पुरावा नसेल तर तसं लिहा." खूप वेळ फक्त पेन्सिलींची कुरकुर ऐकू येत होती. पुस्तकाचं रबर त्या दिवशी कुणी काढलं नाही.

चुंबक घरी गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली आणि तिसऱ्या रांगेतली तिची जागा रिकामी होती. मॉनिटरने चारदा दाराकडे पाहिलं. हजेरी संपत आली तेव्हा पावलं वाजली. ती आली, माझ्यापाशी गुडघ्यावर बसली, टायरचा तुकडा हलवून पाहिला आणि माझ्याखाली हात घालून चुंबक ओढून घेतलं.

"राहिलं होतं," ती म्हणाली.

"बस ना," मॉनिटर सरकत म्हणाली. "माझ्या शेजारी."

"बघू," चुंबक म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. पण बसली.

तर मित्रांनो, माझा हात दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. तो जमेल तेव्हा करा. खटला संपला की मला पुन्हा कोपऱ्यात ठेवाल, तेही चालेल. मात्र कुणाबद्दल "ते तसलेच" असं ओठांवर आलं, तर आधी माझ्यावर येऊन बसा आणि स्वतःला विचारा, मी पाहिलं काय? आणि मला ठेवताना तोंड तेवढं वर्गाकडे करा. पुढच्या वेळी तरी मला खरी साक्ष देता येईल.