हितेंद्रचा कॉम्प्युटर उघडेना

हितेंद्र धुरीचे आता फक्त डोळे हलायचे. नसांच्या आजाराने आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. लालबागच्या घरात तो पलंगावर पडून असायचा आणि समोर स्टँडवर त्याचा कॉम्प्युटर. त्यावरचा कॅमेरा त्याची नजर टिपायचा. पडद्यावरच्या एकेका अक्षराकडे बघून तो शब्द जुळवायचा आणि कॉम्प्युटर तो मोठ्याने बोलायचा. रोजच्या वापरातली वाक्यं तर त्याच्या स्वतःच्या आवाजात यायची. जीभ जड व्हायला लागली तेव्हा त्याने ती हट्टाने रेकॉर्ड करून ठेवली होती.

त्या सकाळी त्याच्या बायकोने, मेघनाने, त्याचं अंग पुसलं, कुशीवर वळवून उशा लावल्या आणि कॉम्प्युटरचं बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं, खाली ठिपके गोल फिरले, मग निळा पडदा. मग काळोख. परत कंपनीचं नाव, परत ठिपके. तिने प्लग काढून लावला. बटण दाबून धरलं, सोडलं. पुन्हा तेच.

"आज नखरे करतोय बघ हा," ती म्हणाली आणि मागे वळली. हितेंद्र तिच्याकडे टक लावून बघत होता. कपाळावर घामाचे थेंब होते.

"काय रे? पाणी?"

त्याने दोनदा डोळे मिटले. म्हणजे नाही.

"पाठ दुखतेय? मान? फॅन वाढवू? श्वास लागतोय का?"

नाही. नाही. नाही. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहायला लागलं. मेघनाने मान सरळ केली, उशी बदलली, ताप बघितला. ताप नव्हता, घाम मात्र थांबेना. डॉक्टरांचा फोन कोणी उचलेना. तिने अभयला फोन लावला. अभय हितेंद्रचा शाळेपासूनचा मित्र. दादरला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि ही सगळी जुळणी त्यानेच करून दिली होती.

"अभयभाऊ, असाल तसे या. हा काहीतरी सांगतोय आणि मला कळत नाहीये."

अभय दुकान तसंच टाकून स्कूटरवरून आला. पेनड्राइव्ह लावला, काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप केलं, मग मागचं झाकणच उघडलं.

"वहिनी, डिस्क खराब होत चाललीय. नवीन बसवतो, पण आधी यातलं निघतंय का बघू दे. ते सगळं ह्याच्यातच आहे ना? त्याचा आवाज?"

"ह्याच्यातच. दुसरीकडे नाही कुठे."

ती डिस्क अभयने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. आत काहीतरी टक टक वाजत होतं.

हितेंद्रने डोळे घट्ट मिटले आणि उघडले. चेहरा पांढरा पडला होता.

"अरे मग काय हवंय तुला? काय करू मी?" मेघना ओरडली. आणि लगेच त्याच्या गालाला हात लावून म्हणाली, "नाही रे, नाही. थांब. आपण अक्षरं घेऊ. मी बोलते, तू बरोबर आलं की डोळे मिट. क ची ओळ? च ची? ट ची? त ची?"

डोळे मिटले.

"त, थ, द, ध, न..."

मिटले.

"न! पुढचं. क ची? च ची?" ती घाईत चुकत होती, परत मागे जात होती. प ची ओळ संपली. "य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ..."

मिटले.

"नळ? नळाचं पाणी? अरे, भरलं मी पाणी सकाळीच!"

दोनदा मिटले. त्याची नजर खाली, स्वतःच्या अंगाकडे वळली.

"नळी!"

तिने चादर ओढली. लघवीची नळी मांडीखाली दुमडून चेपली होती. सकाळी वळवताना अडकली असणार. पिशवी रिकामी आणि ओटीपोट दगडासारखं. लघवीचं विचारायचं तिला सुचलंच नव्हतं, नळी होती ना! अभयने त्याला उचलून धरलं, तिने नळी सोडवली. पिशवी भरायला लागली. हितेंद्रचा चेहरा हळूहळू सैल झाला. मेघना लादीवरच बसली.

दुपार कलली तेव्हा कॉम्प्युटर सुरू झाला. नवी डिस्क, सगळं नव्याने टाकलेलं. अभयने डोळे चोळले.

"वहिनी, सगळं नाही निघालं. थोड्याच फायली वाचल्या. बाकीच्या गेल्या."

त्याने एक लावली. "मेघना, खिडकी लाव गं, ऊन येतंय," हितेंद्रचा आवाज म्हणाला. जिभेवर नुकता जडपणा आलेला, पण त्याचाच. पुढची लावली तर नुसती खरखर. त्याच्या पुढचीही तशीच. "बस," मेघना म्हणाली. "आता नको."

हितेंद्रची नजर पडद्यावर फिरायला लागली होती. नवीन मांडणी, अक्षरं सापडायला वेळ लागत होता. दोघं उभे राहून वाट बघत होते. शेवटी कॉम्प्युटर बोलला, कुठल्याशा अनोळखी बाईच्या सपाट आवाजात:

"घाबरलो होतो."

मेघनाने पलंगाच्या कडेला बसून त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मी पण," ती म्हणाली.