सर हम्फ्री समोरच्या बाकावर

थ्रपबाईंच्या व्यंगचित्रांच्या दुकानातली सकाळ कागदाच्या ओल्या वासाने सुरू होत असे. आदल्या संध्याकाळी भिजवून दाबून ठेवलेला कागद छापखान्यातले गडी उलगडत. मी शेगडीवर डिंकाचे पाणी कोमट करून शिंपल्यांमधले वाळलेले रंग सैल करी. मग आम्ही पाचजणी लांब टेबलाभोवती बसायचो. प्रत्येकीचा एकच रंग. चित्र पहिलीकडून शेवटचीकडे सरकत जाई आणि जाता जाता अंगावर कपडे चढवत जाई. निळा माझ्याकडे होता, कारण टेबलाची जबाबदारी माझी होती आणि अंगरखे बहुधा निळे असत. तांबडा पेगकडे होता. लंडनमधल्या यच्चयावत बड्या लोकांची नाके पेगने रंगवली होती, आणि एखादा मंत्री बग्गीतून जाताना दिसला की ती म्हणे, "यांचं नाक मी रंगवते त्यापेक्षा फिकंच आहे."

उत्तरेच्या खिडकीशी इनॉक पर्किस यांचे बाक होते. ते सकाळी तांब्याचा पत्रा तापवून त्यावर मेणाचा पातळ थर देत, जळत्या वातीच्या धुराने तो काळा करीत आणि मग सुईने त्यात रेघा ओढीत. रेघ ओढली की मेणाखालचे तांबे उघडे पडे. तेजाबात ते तेवढेच खाल्ले जाई. पत्र्यावर काढलेले सारे कागदावर उलटे उमटते, म्हणून बाकासमोर खिळ्याला तळहाताएवढा आरसा टांगलेला असे. आपले रेखाटन ते आरशाकडे तोंड करून उभे करीत आणि आरशात दिसेल तसे तांब्यावर उतरवीत. अक्षरांना त्यांना आरसा लागत नसे. उलटी अक्षरे लिहिण्याची सवय त्यांच्या मनगटात मुरली होती. माणसांसाठी मात्र लागे.

त्या सकाळी थ्रपबाई नवी टोपी घेऊन खाली आल्या. टोपीवर मेणाच्या चेरींचा घोस होता.

"मिस्टर पर्किस, आरसा जरा नेते हं. वरच्या आरशात माझं निम्मंच डोकं दिसतं."

"बाई, मी आत्ताच पत्रा घेतलाय."

"आणतेच की लगेच," असे म्हणून त्या आरसा घेऊन वर गेल्या. चेरी इतक्या होत्या की लगेच परत येणे कोणालाच शक्य नव्हते.

काम मात्र घाईचे होते. पार्लमेंटात मेणबत्त्यांवर नवा कर येऊ घातला होता आणि सारे शहर त्यावर भांडत होते. इनॉकनी रेखाटले होते ते सर हम्फ्री टिल्ब्रुक यांना. हे गृहस्थ सरकारच्या बाकावर कायम झोपलेले असत आणि मतदानाच्या वेळी त्यांना हलवून उठवावे लागे. चित्रात मधोमध सभापती, दोन्ही बाजूंच्या बाकांवर नुसते केसांचे टोप, आणि सरकारच्या बाजूला एकटे सर हम्फ्री घोरत पडलेले. त्यांच्या तोंडातून फुग्यासारखे शब्द निघत होते: "झोपेतही माझं मत ठरलेलं!"

इनॉक आरशाची वाट पाहत बसले असते, तर कदाचित बरे झाले असते. पण त्यांच्या मानेवर वेगळीच तलवार होती. महिन्यापूर्वी त्यांच्या हातून तेजाबाची बशी कलंडली होती. त्या वेळी थ्रपबाईंनी सगळ्यांसमोर सांगितले होते की, आणखी एक चूक झाली तर खिडकीजवळचे बाक जॅस्परला मिळेल. जॅस्पर हा बाईंचा भाचा. त्याला रेघ चांगली ओढता येई, आणि आपल्याला ती ओढता येते हे तो दिवसभर सांगतही असे. ते बाक गेले की इनॉकना दुसरीकडे कोणी ठेवणार नव्हते. तसे त्यांचे वयच होते. म्हणून उशीर नको, या भीतीने त्यांनी आरशाशिवाय सुई उचलली.

दुपारी चित्र छापून आले. आम्ही ते रंगवले आणि थ्रपबाईंनी स्वतः खिडकीत लावले. थोड्याच वेळात रस्त्यावर गर्दी जमली. गर्दी नेहमीच जमे, पण त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता. हसण्याऐवजी लोक टोप्या उडवत होते.

"हुर्रे! टिल्ब्रुक हुर्रे!"

मी हात पुसत बाहेर गेले. खिडकीशी मेणबत्त्या ओतणारा एक धिप्पाड कारागीर उभा होता. तो शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दे घालत सांगत होता, "बघ ना लेका! कुठल्या बाजूला झोपलाय बघ! विरोधकांच्या! आपल्या बाजूला! आणि म्हणतो काय, झोपेतही माझं मत ठरलेलं! याला म्हणतात मर्द!"

मी चित्राकडे पाहिले. सभापतींच्या ज्या हाताला सरकार बसते, त्याच्या नेमक्या उलट हाताला सर हम्फ्री पसरले होते. शब्द सरळ उमटले होते आणि माणूस उलटा. सरकारचा सगळ्यात आंधळा पाठीराखा आमच्या खिडकीत कराचा सगळ्यात कट्टर शत्रू झाला होता.

आत येऊन मी पेगला विचारले, "तुला दिसलं नाही?"

"मी नाकाकडे बघते, केझिया. नाक जागच्या जागी होतं."

इनॉक माझ्या मागे दारापर्यंत आले होते. त्यांनी बाहेर पाहिले, मग भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा न रंगवलेल्या कागदासारखा झाला. जॅस्पर शीळ घालून म्हणाला, "म्हातारबुवा आरसा विसरले वाटतं."

मी तोंड उघडणार तोच इनॉकनी माझे मनगट धरले. "काही बोलू नकोस. आरसा बाईंनी नेला, पण सुई मी उचलली."

थ्रपबाई जिन्यावर उभ्या होत्या. चेरींची टोपी त्यांच्या डोक्यावर होती. त्या काही बोलणार इतक्यात दार धाडकन उघडले आणि मेणबत्तीवाल्यांच्या खांद्यांवरून, पाय आधी आणि डोके नंतर अशा रीतीने, साक्षात सर हम्फ्री टिल्ब्रुक दुकानात शिरले. त्यांच्या कवेत मेणबत्त्यांचा एवढा मोठा जुडगा होता की त्याच्यावरून फक्त टोप दिसत होता. खाली उतरवताना त्यांचा एक बूट माझ्या निळ्या रंगात बुडाला.

"हे कोणी काढलं?" त्यांनी विचारले.

पेग टेबलाखाली सरकली. इनॉक पुढे झाले. "मी काढलं, महाराज. आणि ते चुकलंय. आपण सरकारच्या बाजूला झोपता."

"झोपतो," सर हम्फ्री म्हणाले. मेणबत्त्या खाली ठेवायला त्यांना जागा सापडेना, म्हणून त्यांनी त्या जॅस्परच्या हातात दिल्या. "इतकी वर्षं झोपतोय, तिकडे कुणाला पत्ताही नाही. मला हलवतात, मी हात वर करतो, घरी जातो. आज मी मटण खायला निघालो होतो. रस्त्यात या माणसानं माझा हात धरला." त्यांनी त्या धिप्पाड कारागिराकडे बोट केले. "सगळा मेणबत्त्यांच्या चरबीनं माखलेला हात. म्हणाला, साहेब, तुम्ही आहात म्हणून माझी पोरं उजेडात जेवतील. माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं हो. माझी बायकोसुद्धा."

"बायको तर नाहीच," कारागीर सहानुभूतीने म्हणाला.

"हे चित्र असंच राहू द्या," सर हम्फ्री म्हणाले. "तुमचं काय बिघडतंय?"

थ्रपबाईंचे डोळे चमकले. बाहेर लोक चित्रासाठी दार वाजवत होते. "राहू द्याच की, मिस्टर पर्किस! आणखी छापू!"

इनॉकना त्या क्षणी गप्प राहणे किती सोपे होते हे मला कळत होते. चूक लपत होती, बाक वाचत होते. पण ते मान हलवत म्हणाले, "नाही बाई. माणूस जे करतो त्यावर आपण हसतो. न केलेल्या गोष्टीची शाबासकी आपण कधी विकली नाही. उद्या दुपारपर्यंत मी सरळ पत्रा करून देतो. मग बाकाचं काय ते तुम्ही ठरवा."

"मी ठरवीनच," थ्रपबाई तुटकपणे म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

सर हम्फ्री बराच वेळ खिडकीतल्या स्वतःकडे पाहत उभे राहिले. "उद्या दुपारी म्हणालात ना?"

"हो, महाराज."

"म्हणजे आजची संध्याकाळ मोकळी आहे," असे पुटपुटत ते एक निळा आणि एक काळा बूट घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रंग सैल करायला बसलो, तेव्हा आरसा आपल्या खिळ्यावर होता. तो कोणी आणून टांगला हे कोणी विचारले नाही. इनॉक आमच्याही आधी येऊन बसले होते. त्यांनी नवा पत्रा इतक्या काळजीने कोरला की त्यांच्या श्वासाचाही आवाज येत नव्हता. तेजाबातून पत्रा बाहेर आला, पहिला कागद छापून आला. सभापती मधोमध, आणि सर हम्फ्री सरकारच्या बाजूला, अगदी जिथल्या तिथे. जॅस्पर बाह्या सरसावून बाकाची लांबी नजरेने मोजत होता.

तेवढ्यात कालचा तो कारागीर धापा टाकत आत आला. त्याच्यामागे अर्धी गल्ली होती.

"उठला!" तो ओरडला. "काल रात्री भर सभागृहात उठला!"

"कोण उठला?" थ्रपबाईंनी विचारले.

"सर हम्फ्री! कुणी हलवलं नाही, काही नाही! आपण होऊन उठला, सगळ्यांसमोरून चालत पलीकडे गेला, विरोधकांच्या बाकावर बसला, म्हणाला, मी कराच्या विरोधात आहे. आणि तिथंच पुन्हा झोपला!"

"आणि कर?"

"कर लागलाच की! पण असू दे! सगळे त्याच्या निळ्या बुटाकडे बघत राहिले म्हणतात!"

 मग पेगचे हसू आधी नाकातून आणि नंतर सगळ्याच अंगातून बाहेर पडले. तिच्या हातातला तांबडा कुंचला टेबलभर नाचला आणि सरकारच्या बाकावरच्या प्रत्येक टोपाला गोवर आला. आम्ही पाचजणी एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होतो. छापखान्यातले गडी हसत होते. कारागीर काय झाले ते न कळताच सगळ्यांत जास्त हसत होता.

"थांबा, थांबा," जॅस्पर म्हणाला. "म्हणजे चुकलेला पत्रा बरोबर, आणि हा बरोबर केलेला चुकला?"

"तसंच दिसतंय," इनॉक म्हणाले. त्यांनी कोळशाचा तुकडा पाण्यात बुडवला आणि सकाळभर खपून कोरलेला तो सरळ पत्रा शांतपणे घासायला घेतला. सर हम्फ्री हळूहळू तांब्यात विरून गेले. इनॉकचे खांदे हलत होते, आणि मला वाटले ते रडत आहेत. मी वाकून पाहिले, तर ते इतके हसत होते की कोळसा हातात राहत नव्हता.

थ्रपबाई हसल्या नाहीत. त्या आरशाकडे पाहत होत्या. आरशात त्यांच्या टोपीवरच्या चेरी दिसत होत्या. त्यातली एक रंगाच्या शेगडीच्या धगीने वितळू लागली होती.

"जॅस्पर," त्या म्हणाल्या, "खाली जा आणि शाई घोट. आज पुष्कळ लागेल."

"पण मावशी, बाकाचं—"

"शाई."

तो गेला. बाहेर लोकांनी दाराची कडी वाजवायला सुरुवात केली होती, म्हणून इनॉक पहिल्या पत्र्यावर आपले नाव घालायला बसले. काल घाईत ते राहून गेले होते. त्यांनी ते न पाहता उलटे कोरले. थ्रपबाईंनी छापखान्यातून हातोडी आणली, आरसा खिळ्यावरून उतरवला, इनॉकच्या समोर त्यांच्या बाकाच्या चौकटीला लावून धरला, आणि आरशाच्या धातूच्या कडेत चारही कोपऱ्यांना एकेक खिळा ठोकला. इनॉकनी मान वर केली नाही.  चौथा खिळा बसल्यावर त्यांनी आरसा हलवून पाहिला. तो हलला नाही. मग त्याच आरशापुढे वाकून त्यांनी टोपी नीट केली, आरशाला हात न लावता, आणि दार उघडायला गेल्या.