टोळी हलल्यावर

सुभद्राबाईच्या दाराला कुलूप होतं. शहादेव शिपाई पाकीट घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो आज आला होता.

म्हातारीनं तालुक्याच्या कचेरीत माहितीचा अर्ज टाकला होता. गेल्या साली तिची नात सुकन्या तिच्यासंगं फडात मोळ्या वाहत होती, आणि इकडं ऊसतोडीवाल्यांच्या लेकरांच्या वसतिगृहात तिची रोज हजेरी लागत होती, असं कानावर आलेलं. ती हजेरी हातात पडली की भांडून यंदा पोरीला वसतिगृहात ठेवायचं, शाळा बुडू द्यायची नाही, एवढंच तिच्या मनात.

उत्तर नवव्या दिवशीच तयार झालं. सुंदरराव साहेबांनी पाकीट शहादेवच्या हाती दिलं.

"तुझ्याच गावची हाय ना? हातपोच तूच दे. पण टोळी हलल्यावर. 'घर बंद' असा शेरा मारला की अर्ज निकाली."

"पर साहेब, ती रोज इचारती..."

"कावून रे, सुखानं रिटायर व्हायचं न्हाई का?"

अठरा दिवस पाकीट त्याच्या ट्रंकेत, धोतराखाली. सांजच्याला तो एसटीतून उतरला की सुभद्राबाई पारावर हजर.

"शादेवभाऊ, आला का माझा कागद?"

"न्हाई आक्का. सरकारी काम, लई दमानं चालतंय."

"तुमच्या सायबाला आमच्या मुकादमाच्या हाताखाली द्या एक दिस. पळतंय बघा कसं!"

तो हसला होता. तेही आठवत होतं.

परवा ट्रॅक्टर निघाला तेव्हा सुकन्या बोचक्यावर बसली होती. "आजोबा, रोज एक पान लिवा बरं का!" ती ओरडली. अंगठ्यावर नोकरी काढलेल्या शहादेवला दोन वर्षांमागं तिनंच पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती.

त्यानं पेन काढलं. पाकीट दारावर टेकवून सावकाश लिहिलं : 'कागद माझ्याकडं अठरा दिवस होता. बाई घरी होती. मी दिला नाही.' खाली सही केली.

आता अर्ज निकाली निघणार नव्हता. पण पोरगी फडावर पोचली होती.

अक्षर सुबक आलं होतं. त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.