गफूरने बांधून ठेवलेली शेगडी

सौदीतल्या अल खर्जजवळच्या फार्महाउसवर अंगणातली मोठी शेगडी हिवाळ्यात जपायची, हे काम कफीलने, म्हणजे त्याला व्हिसा देणाऱ्या मालकाने, गफूरवर सोपवलं आणि गफूरने ते गरजेपेक्षा जास्त मनावर घेतलं. रत्नागिरीत पावसाआधी होडी झाकून बांधावी तशी त्याने शेगडी धुऊन, ओलीच, प्लास्टिकमध्ये गच्च बांधली. आज पाहुणे येणार म्हणून सोडली, तर बिडाची जाळी गंजून तांबडी! कफील खूश असेल तरच रजेवर सही मिळणार होती, आणि लेकीचं, अरवाचं, लग्न पंधरा दिवसांवर होतं.

त्याने घरी फोन लावला.

"घावण्यांचा तवा ओला बांधून ठेवलेला पाहिलात कधी?" त्याची बायको मैमुना कडाडली. "अर्धा कांदा तेलात बुडवा नि घासा. रडू आलंच तर कांद्याच्या नावावर रडा!"

तीन तास घासून बोटं सोलली, पण जाळी काळीभोर चमकली.

कफीलने तिच्यावरून बोट फिरवलं. "माशाअल्ला! असा माणूस हिवाळ्यात कसा सोडू? रजा उन्हाळ्यात."

गफूरचे डोळे भरले. कफील बघतोय म्हणून त्याने उरलेला कांदा उचलला आणि चकचकीत जाळी पुन्हा घासायला घेतली.