तांबडीनं दिलेला पाय

दिरांच्या तांबडी नावाच्या घोडीच्या पुढच्या पायाला कुंपणाची तार लागून खरचटलं होतं. जखम तशी किरकोळच. पण रोज धुऊन पट्टी बांधली नाही तर आत पू होईल, असं डॉक्टर बजावून गेले होते. आणि तांबडी कुणाला पायाजवळ फिरकूही देईना.

सकाळी दिरांनी आधी लाडीगोडी लावली, मग आवाज चढवला, शेवटी हात जोडले. पूजा होईपर्यंत माझं मौन असतं, म्हणून मी मुकाट्यानं त्यांच्या हातातली कोमट पाण्याची बादली घेतली.

"वहिनी, मागे व्हा! लाथ बसली तर मौन आपोआप सुटेल!"

मी नुसती हसले. तांबडीच्या खांद्यावर तळवा ठेवून तशीच उभी राहिले. दीर गप्प झाले, तसे तिचे कान हळूहळू माझ्याकडे वळले. तळवा खाली सरकवत मी वाकले, आणि तिनं आपणहून पाय उचलून खूर माझ्या ओंजळीत दिला. मनात आणलं असतं तर एका धक्क्यात मला भिंतीवर फेकलं असतं तिनं! बोटांखाली तिची मंद नाडी लागत होती.

"म्हणजे माझ्याच बडबडीला भीत होती की काय ही?" दीर कुजबुजले.

त्यांनी पाणी ओतलं, मी जखम धुतली, पट्टी बांधली. पाय टेकण्याआधी तांबडीनं मान वाकवून माझी पावलं हुंगली, आणि मग खूर माझ्या पावलांपासून दूर, अलगद जमिनीवर ठेवला.